वेडपाला

माझी आत्या म्हणजे तोंडाने फटकळ बाई. मेंढ्या तिच्या आणि हुकूमही तिचाच. बाबा तिचे धाकटे भाऊ, ते नुसती मान डोलवायचे. आमचं सगळं घर त्या कळपावर चालायचं.

वाळूच्या टेकड्यांवर सगळं करपलं तरी एक झुडूप हिरवंगार राहायचं. वाटाण्यासारखी जांभळी फुलं, फुगीर शेंगा, दिसायला इतकं गोजिरं! आम्ही त्याला वेडपाला म्हणायचो. मेंढीला त्याची चटक लागली की संपलंच. मग तिला गवत नको, पाणी नको, तोच पाला हवा. पोटच्या पिल्लालाही ती ओळखत नाही.

अशी एक मेंढी आत्याने मुद्दाम ठेवली होती. नाव काय, तर शहाणी! कळप सोडण्याआधी आत्या तिला दाव्याला धरून पुढे न्यायची. शहाणी कपारीतलं झुडूपसुद्धा बरोबर हुडकायची आणि आत्या ते मुळासकट उपटायची. हाव टिकावी म्हणून दोन घास तेवढे शहाणीला मिळायचे. बाकीच्या मेंढ्या त्यामुळेच वाचल्या.

वेडपाला दुधातही उतरतो म्हणतात, पण शहाणीचं दूध आत्याने कधी वाया जाऊ दिलं नाही. "मला दगडही पचतो," म्हणायची आणि घटाघट प्यायची.

पुढे शहाणी मेली. बाबा हवालदिल झाले. दुसऱ्या दिवशी आत्या एकटीच गेली आणि भाराभर वेडपाला घेऊन आली. आम्ही खूश! मग एकदा मी सोबत गेले आणि अंगावर काटाच आला. ती डोळे मिटून, नाक वर करून चालत होती. थेट झुडपापाशी थांबली.

"आत्या, तुला कसं गं कळलं?"

तिने माझ्याकडे निरखून पाहिलं. "तू कोणाची गं?"

मला रडूच फुटलं. तिला ओढत घरी आणलं आणि बाबांना सगळं सांगितलं. "तिला आता तिकडे जाऊ द्यायचं नाही!"

बाहेर मेंढ्या भुकेने ओरडत होत्या. बाबा खाली बघत म्हणाले, "तू जात जा तिच्याबरोबर. तिने खाऊ नये एवढं बघ. कळप तर जगायला हवा ना?"

"आणि आत्या?" माझा नुसता संताप झाला होता.

आत्या वहाणा घालून बंद दारापाशी उभी होती.

"अहो," ती आपल्या धाकट्या भावाला म्हणाली, "जरा दार उघडता का? मला जायचंय."

बाबांनी उठून कडी काढली.