पट्टीशेजारचे तीन ठिपके

ट्रकच्या सुट्या भागांच्या त्या दुकानात कॉम्प्युटर होता, पण त्याच्यावर बहुतेक वेळा चहाचा कप ठेवलेला असायचा. नंबर विचारायचा तो काकांना. कुठल्या सालची गाडी, कुठलं इंजिन, एवढं सांगितलं की काका डोळे मिटायचे, बोटांनी काउंटरवर दोनदा टकटक करायचे आणि पाढा म्हणावा तसा आठ आकडी नंबर म्हणून टाकायचे. सगळा बाजार त्यांना कॅटलॉगकाका म्हणायचा. काका वरवर चिडायचे. पण कुणी नुसतंच काका म्हटलं तर त्यांना काहीतरी कमी पडल्यासारखं वाटायचं, हेही सांगायला हवं.

तरुणपणी ते स्वतः मेकॅनिक होते. पाठीनं संप पुकारला तेव्हा काउंटरला आले, त्यालाही आता सत्तावीस वर्षं झाली. त्या दिवसांची एक खोड मात्र सुटली नव्हती. हातून काही दुरुस्त झालं की शेजारी टोकदार लोखंडी पंचनं तीन ठिपके ठोकायचे, दोन खाली, एक वर. गॅरेज सुटल्यावर घरावर संक्रांत आली. कुलूप, कढईचा कान, खुर्चीचा लोखंडी पाय, काही म्हणजे काही सोडलं नाही. मुलीच्या डब्याची निघालेली कडी बसवून दिली, तर झाकणावरही तीन ठिपके. ती म्हणायची, "बाबा, मला एकटीला तेवढं सोडलंत हो."

मुलगी एकुलती एक, आणि बायको गेल्यापासून तर काकांचा सगळा जीव तिच्यात. तिनं लग्न केलं ते मेकॅनिकशीच. "मी जन्मभर हातांचं ग्रीस धुतलं, ते हिनं नवऱ्याच्या कपड्यांचं धुवावं म्हणून?" असं काका तेव्हा म्हणाले होते. पुढं त्यांनी ते पुन्हा म्हटलं नाही, पण गिळलंही नाही. जावई कमी बोलायचा. मागच्या गल्लीत त्याचं दोन गाड्या मावतील एवढं पत्र्याचं गॅरेज होतं. काम स्वच्छ करायचा, दिलेला शब्द पाळायचा. काकांच्या लेखी मात्र तो घुम्या होता.

तर एका सोमवारी हा जावई दुकानात आला. रोपवाटिका चालवणाऱ्या एक बाई होत्या, त्यांचा गोल नाकाचा जुनापुराणा ट्रक त्याच्याकडं आला होता. त्यातून त्या मोठी झाडं मुळासकट पोचवायच्या. हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधला पातळ थर, गेलं होतं. इंजिनावर कंपनीची पट्टी होती, तिच्यावरचा नंबर जावयानं कागदावर लिहून आणला होता. काकांनी डोळे मिटले, टकटक केली, गॅस्केट काढून दिलं.

मंगळवारी अकराच्या सुमारास जावई तेच गॅस्केट घेऊन परत आला. अकराला दुकानात चहा असतो आणि चहाला नेमके चारजण असतात, टायरवाला, टेम्पोवाला, रेडिएटरवाला आणि एक निवृत्त ड्रायव्हर. चौघांनाही ऐकण्याशिवाय दुसरं काम नव्हतं.

"मामा, हे बसत नाही," जावई म्हणाला. "पाण्याचं एक भोक झाकलं जातंय. आणि याची कड सिलिंडरच्या बोअरच्या आत येतेय."

"नंबर पट्टीवरचाच लिहिलास ना?"

"हो. पण इंजिन मागं कधीतरी बदललेलं असावं."

काकांनी चौघांकडं पाहून घेतलं. "ऐका. पट्टी खोटी, कंपनी खोटी, मी खोटा. खरे काय ते आमचे जावईबापू! नाचता येईना, अंगण वाकडं, दुसरं काय?"

चौघे हसले. टेम्पोवाला तर चहा सांडेपर्यंत हसला. जावयानं गॅस्केट गुंडाळून घेतलं आणि तो गेला.

गुरुवारी तो पुन्हा आला, पुन्हा अकराच्याच सुमाराला, कारण या वेळी रोपवाल्या बाई त्याच्यासोबत होत्या आणि त्यांना तेवढीच सवड होती. बाईंना हंगाम गाठायचा होता, ट्रकशिवाय त्यांचं सगळं अडलं होतं. जावई काउंटरवर वाकून हळूच म्हणाला, "मामा, एकदा गाडी बघायला याल का? पाच मिनिटं. दुपारी, तुम्ही एकटेच या."

आता हे 'एकटेच' काकांना ऐकू आलं होतं. पण ऐकू येणं वेगळं आणि मनावर घेणं वेगळं.

"मी गाड्या बघत नाही, नंबर बघतो," काका मोठ्यानं म्हणाले. "इंजिन उघडायला पाना लागतो. ओळखायला डोकं लागतं, ते काही मी काउंटरवरून देऊ शकत नाही." आणि बाईंकडं वळून म्हणाले, "ताई, हंगाम महत्त्वाचा असेल तर गाडी दुसरीकडं न्या. जावई माझा आहे, म्हणून तर खरं सांगतोय."

बाईंनी एकदा जावयाकडं, एकदा काकांकडं पाहिलं. कॅटलॉगकाका सांगतात, तेही स्वतःच्या जावयाविरुद्ध, म्हटल्यावर त्यांनी तरी काय करावं? दुपारीच त्यांनी ट्रक ओढून हमरस्त्यावरच्या मोठ्या गॅरेजला नेला. जावई एवढंच म्हणाला, "बाई, हे गॅस्केट तेवढं बसवू देऊ नका." पण आठवडाभरात सगळ्या बाजाराला कळलं होतं की काकांच्या जावयाला इंजिन ओळखता येत नाही. सासराच म्हणतोय म्हटल्यावर साक्षीदार कशाला हवा? दोन जुनी गिऱ्हाइकं पुढच्या गल्लीत वळली.

रविवारी मुलगी काकांकडं आली. कपडे घड्या करता करता म्हणाली, "हे काही बोलतच नाहीत, बाबा. मी म्हटलं, बाबांचा नंबर चुकणं शक्यच नाही, तुमचंच काहीतरी चुकलं असेल. तर नुसते जेवून उठले."

काकांना त्या वाक्यानं बरं वाटलं. वाटायला नको होतं, पण वाटलं.

मोठ्या गॅरेजातल्या लोकांनी पट्टीचा नंबर पाहिला, काकांचं नाव ऐकलं आणि डोळे झाकून गॅस्केट ठोकलं. मोठ्या गॅरेजात बघायला वेळ कुणाला असतो? ट्रक सुरू झाला. दोन दिवस चाललाही. तिसऱ्या दिवशी चढावर नाकातून वाफ सोडून बसला तो बसलाच. बाई दुकानात आल्या तेव्हा त्यांच्या चपलांना ओली माती होती.

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या शांतपणे म्हणाल्या, "काका, नंबर तुमचा. गॅरेज तुम्ही सांगितलंत तसं दुसरं. आणि माझी तीनशे रोपं तीन तास रस्त्यावर उन्हात उभी होती. आता गाडी तुम्ही बघा."

सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा काका नंबर सोडून गाडी बघायला गेले.

ट्रक वाटिकेच्या फाटकाशी उभा होता, हिरवा. बॉनेट उघडलं, हेड मोठ्या गॅरेजच्या माणसानं उतरवून तसंच सोडलेलं होतं. काकांनी बोअरला माप लावलं. पट्टीप्रमाणे यायला हवं त्यापेक्षा तीन मिलिमीटर जास्त. पुन्हा लावलं. पुन्हा तीन. बाहेरून ही दोन इंजिनं जुळ्या भावांसारखी, पण हा थोरला होता आणि पट्टी धाकट्याची. फडकं रॉकेलमध्ये बुडवून त्यांनी पट्टी पुसली. त्यांच्याआधी कुणीतरी ती नुकतीच पुसलेली दिसत होती. रिव्हेट कंपनीचे नव्हते, हातानं ठोकलेले होते. आणि उजव्या अंगाला, दोन खाली, एक वर, तीन ठिपके.

बॉनेटच्या आतल्या बाजूला हिरवा रंग उडून खालचा निळा दिसत होता. निळा ट्रक म्हटल्यावर काकांना सगळं आठवलं. अडतीस वर्षांपूर्वीचा मालक, त्याची घाई. जुनं इंजिन फुटलेलं, त्या जागी मोठं बसवलेलं. कागदोपत्री इंजिन बदलायचं तर कचेरीत महिनाभर खेटे घालावे लागणार. तेव्हा एका तरुण मेकॅनिकनं शक्कल काढली, मालकानं सांगितलीसुद्धा नव्हती. जुन्या इंजिनाची पट्टी ड्रिल मारून काढली आणि नव्यावर ठोकली. कागद जुळले, काम फत्ते. "ब्रह्मदेवाच्या बापाला कळणार नाही," असं म्हणून त्यानं वर आपली खूणही केली. चोरी करणारे पुष्कळ पाहिले, पण खाली सही करणारा हा एकच.

'त्या काळी सगळेच करायचे,' काका मनात म्हणाले. मग पुन्हा तेच म्हणाले. दुसऱ्या वेळी त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

"बाई, चूक माझी आहे," त्यांनी सांगितलं, सगळं सांगितलं.

"म्हणजे तुमचे जावई बरोबर होते."

"हो."

"मी त्यांच्या दारातून गाडी ओढून आणली हो," बाई म्हणाल्या. आणि त्या ट्रक परत जावयाकडं पोचवायची व्यवस्था करायला गेल्या.

थोरल्या इंजिनाचं गॅस्केट आता कुणी बनवत नाही. दुकानाच्या मालकांना न विचारता काका माळ्यावर चढले, पाठ नको म्हणत असताना. दीड तासानं पिवळ्या पडलेल्या मेणकागदात एकुलतं एक सापडलं. खाली उतरले तर अकराचे चौघे हजर. काकांनी त्यांनाही सांगितलं, एका दमात, मान खाली घालून. वाटलं होतं, छी-थू होईल.

"अहो काका, त्या काळी सगळेच करायचे!" टायरवाला म्हणाला.

"अडतीस वर्षं टिकली पट्टी. याला म्हणतात काम," ड्रायव्हर म्हणाला, आणि काकांसाठी चहा मागवला.

अर्ध्या मिनिटात माफी. जावयाचं नाव चौघांपैकी एकानंही काढलं नाही. काकांनी तो चहा घेतला नाही.

गॅरेजात ते पोचले तेव्हा ट्रक आलेला होता. दुपार झाली होती, जावई हात धुऊन डबा उघडायच्या बेतात होता. सासऱ्यांना पाहून त्यानं स्टूल पुसून दिलं. काकांनी न बसताच गॅस्केट पुढं केलं. त्यानं ते ब्लॉकवर ठेवलं. एकूण एक भोक जुळलं.

"बसलं," जावई म्हणाला.

"ती पट्टी..." काकांनी इंजिनाकडं बोट केलं. "ती पट्टी मी ठोकली होती. माझ्याच हातानं."

जावयानं डब्याचं झाकण काढून बाकड्यावर ठेवलं. ठिपके वर आले. "पहिल्याच दिवशी कळलं, मामा. रोज हेच झाकण उघडतो मी."

"मग दुकानात बोलला का नाहीस?"

त्यानं काकांकडं खरोखर आश्चर्यानं पाहिलं. "चारचौघांत?"

काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते स्टुलावर बसले. आपण या माणसाला चारचौघांत कितीदा काय काय म्हटलं, ते सगळं पाढ्यासारखं पाठ होतं, एकही शब्द विसरायला तयार नव्हता. मग त्यांनी विचारलं, "निदान घरी तरी? तिला तरी सांगायचंस."

"ती फार मानते तुम्हाला," जावई म्हणाला, आणि झाकण उलटं करून डब्यातलं अर्धं त्यात काढून त्यानं काकांच्या पुढं सरकवलं.

काकांनी कसेबसे चार घास खाल्ले. घासागणिक झाकणाच्या आतून उमटलेले ठिपके उघडे पडत होते. त्याचं जेवण झाल्यावर त्यांनी डबा धुतला, पुसला. "मी नेतो घरी," ते म्हणाले. जावई नको म्हणाला, त्यांनी ऐकलं नाही.

मुलीनं दार उघडलं आणि त्यांच्या हातात डबा पाहून तिच्या कपाळावर आठी पडली. "डबा तुमच्याकडं कसा? पुन्हा काही चुकवलं का त्यांनी?"

त्या 'पुन्हा'पाशी काका अडखळले. मग त्यांनी झाकण काढून तिच्या हातात दिलं. "ही खूण कुणाची?"

"तुमचीच की. अख्खं घर भरलंय." ती हसली.

"त्या ट्रकच्या पट्टीशेजारीही आहे. नंबर खोटा होता आणि तो खोटा मीच केला होता. तुझ्या नवऱ्याला पहिल्याच दिवशी कळलं होतं."

तिचं हसू तिथंच थांबलं. ती झाकणाकडं बघत राहिली, मग चौकटीवर टेकून आणखी बघत राहिली. काका उंबऱ्याबाहेर डबा धरून उभे होते. या दाराशी आजवर त्यांना कधी थांबावं लागलं नव्हतं. आत या, असं अजून तिनं म्हटलं नव्हतं.