आईच्या बाजूची काच

आमच्या जुन्या गाडीची काच वर जाईस्तोवर ज्वारी पेरून काढता येते. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर आईला शेजारी बसवून भंडारदऱ्याकडे घरी निघालो होतो. घाटात गाडी बंद करून जरा थांबलो, तर पैलवानाएवढं माकड थेट तिच्या खिडकीशी आलं. नजर तिच्या काळ्या चष्म्यावर. डॉक्टरांनी बजावलं होतं, डोळ्याला बोटही लागता कामा नये.

मी बटण दाबलं. काच दोन बोटं चढली आणि कण्हत थांबली. माकडाने हात आत घातला.

"आरं, दाब की!" चष्मा घट्ट धरून आई ओरडली.

"दाबतोय गं!"

बंद गाडीत बॅटरीला जोर नसतो, हे तेव्हा कुठे डोक्यात आलं. गाडी सुरू करून रेस केली. माकडाने दचकून हात काढला. मी एका हाताने बटण दाबून दुसऱ्या तळव्याने काच वर रेटली. माकडाच्या नाकासमोर ती बंद झाली.

घरी पोचताच काचेच्या रबरी खाचेतली पोतंभर माती ओल्या फडक्याने काढली, सिलिकॉनचा फवारा मारला. काच सर्रकन चढली.

आई म्हणाली, "निघायच्या आदीच करायचं हुतं. माकडानं सांगायची वाट बघत हुतास व्हय?"