लाभू सासऱ्यांशी बोलली नाही

आमच्या अमरेलीकडच्या खेड्यात सून सासऱ्यासमोर तोंड उघडत नाही. घुंगट तर असतोच, पण आवाजही त्याच्या कानी पडू द्यायचा नाही. माझ्या शेजारची लाभू लग्न होऊन आली तेव्हापासून अशीच. नवरा सुरतेला हिरे घासतो. घरात सासू संतोकबा, सासरे वशरामबापा आणि ही. स्वयंपाक झाला की चुलीपाशी बसून थाळी वाजवायची, म्हणजे बापांनी जेवायला यायचं. इतक्या वर्षांत दोघांचं बोलणं ते एवढंच.

मग बापांचं डावं अंग अर्धांगवायूनं गेलं. हात बराचसा सावरला, पाय ओढतच राहिला. घडीचा वॉकर आणला. व्यायाम शिकवायला तालुक्याहून एक बाई यायच्या, त्यांचं बोलणं संतोकबाच्या डोक्यावरून जायचं. लाभू मात्र दाराआडून सगळं ऐकून ठेवी. आधी वॉकर, मग दुखरा पाय, मग चांगला. आणि उठण्याआधी वॉकरचे दोन्ही खटके नीट बसलेत का बघायचं. पण सांगणार कशी? सासूच्या कानात कुजबुजायची आणि सासू ओरडायची, "अहो, आधी चांगला पाय टाका!"

"बा, दुखरा," लाभू पुन्हा सासूच्या कानात.

"तेच ते! पाय तो पायच!"

मला मेलीला हसू यायचं. पण म्हातारा चालायला लागला हो! अंगणापर्यंत येऊन मला म्हणाला, "देवू, दिवाळीचा चहा मी चावडीवर पिणार, चालत जाऊन. बघशील तू." त्याच्या मनात दुसरं काही नव्हतंच.

त्या दिवशी संतोकबा डेअरीत दूध घालायला गेली होती. बापांनी एकट्यानंच वॉकर उघडला. एका बाजूचा खटका बसलाच नव्हता. लाभूला चुलीपासून ते दिसलं. "थांबा" एवढंच म्हणायचं होतं. नाही फुटला गं शब्द! घाबरून तिनं हाताला लागली ती थाळी बडवायला सुरुवात केली. बापांना वाटलं, जेवण तयार.

"आलो, आलो," म्हणत त्यांनी घाईनं सगळा भार टाकला आणि वॉकर मिटला. खुबा मोडला. डॉक्टर म्हणाले, काळीज कमजोर आहे, शस्त्रक्रिया झेपायची नाही. आता खाटच.

संतोकबा सुनेवर धावली, "तोंड शिवलं होतं का तुझं?"

"शिवलं कुणी?" मी विचारलं.

"देवू, तू तुझ्या घरी जा."

गावचे बाप्ये बघायला आले. बापा अडखळत पण कौतुकानं सांगत होते, "माझा खुबा गेला, पण सुनेनं मर्यादा सोडली नाही." आणि ते सगळे मुंडासेवाले माना डोलावत होते, "भाग्यवान आहेस रे वशराम!" आग लागो त्या भाग्याला.

पाहुणे गेल्यावर संतोकबा लाभूला म्हणाली, "आजपासून बोलत जा त्यांच्याशी. माझी परवानगी आहे."

लाभूनं मान हलवली. मागच्या दारी आली आणि माझा हात घट्ट धरून म्हणाली, "देवूबेन, आता काय बोलू? ते काही परत चालणार नाहीत."