बाईंनी न लिहिलेली गोष्ट

विद्यापीठाच्या संगणक विभागात शिकवणाऱ्या बाईंना सगळे मागून ‘पुन्हाबाई’ म्हणत, आणि बाईंना ते चांगलं ठाऊक होतं. त्यांच्या खोलीतून शोधनिबंध बाहेर पडे तो एकाच अटीवर. दुसऱ्या कुणीतरी तो नुसता वाचून, कोऱ्या संगणकावर तोच निकाल काढून दाखवायचा. लिहिणाऱ्यानं शेजारी बसायचं, पण तोंडातून ब्र काढायचा नाही. भल्याभल्यांना तिथं घाम फुटे.

त्या खेपेला पाळी धाकटीची होती. धाकटी म्हणजे बाईंची वयानं सगळ्यात लहान विद्यार्थिनी. तिचा प्रोग्राम एक्स-रे पाहून हाडातली बारीक चीर ओळखे. निबंध त्या महिन्यात छापायला पाठवला गेला नाही तर तिची संशोधक म्हणूनची पगारी नेमणूक संपणार होती, आणि घरात कमावती ती एकटीच. बाई स्वतःच तो प्रोग्राम चालवायला बसल्या. निकाल निबंधात लिहिलेल्या अचूकतेच्या आकड्याच्या जवळपासही फिरकेना. शेवटी धाकटीला राहवलं नाही.

"बाई, धुरकट फोटो आधी काढून टाकायचे असतात. मी ते हातानंच वगळले. त्यात काय लिहायचं?"

"आणि दवाखान्यात फोटो धुरकट आला, तर त्या पेशंटला काय सांगायचं?"

धाकटीचा चेहरा पडला. तुमची नोकरी पक्की आहे, तुम्हाला खरं बोलणं परवडतं, असं ती बोलून गेली. बाईंना ते लागलं. पण दुसऱ्या दिवशी त्याच तिच्याशेजारी खुर्ची ओढून बसल्या आणि टाकलेले फोटो एकेक करून परत घेऊ लागल्या. तारीख हुकली ती हुकलीच. नेमणूक मात्र, कशी कोण जाणे, वाढून आली.

नवा आकडा जुन्यापेक्षा कमी होता, पण कुणीही चालवावं आणि तोच यावा असा. निबंध स्वीकारला गेला त्या दिवशी धाकटीला ऑफिसातल्या क्लार्ककडून कळलं, की तिची नेमणूक वाढवून मिळावी म्हणून बाई विभागप्रमुखांच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या होत्या. जन्मात कुणापुढे हात न पसरलेली बाई! बदल्यात त्यांनी आपली हक्काची वर्षभराची अभ्यासरजा सोडून दिली होती.

"मला सांगितलं का नाहीत?" धाकटीनं विचारलं. तिला रडू आवरत नव्हतं.

"ज्यानं निकाल बदलतो, ते सगळं लिहायचं," बाई चष्मा पुसत म्हणाल्या. "यानं काही बदलत नव्हतं."

बाईंचं हे म्हणणं मात्र धाकटीला पटलं नाही. निबंध छापायला देण्याआधी तिनं आभारात ती रजा लिहून टाकली, बाईंना न विचारता.