विमान पालथं करा

एअरफोर्समध्ये मी एअरफ्रेम फिटर होतो. विमानाचा सांगाडा, पंख, सांधे हे माझं खातं. वॉरंट ऑफिसर म्हणून निवृत्त झालो आणि नागपूरला परतलो.

गेल्या हिवाळ्यात रश्मीचा फोन आला. माझा दोस्त सार्जंट पराते, त्याची ही मुलगी, पायलट. इथल्या सदर भागातल्या हौशी मंडळींनी शंभर वर्षांपूर्वीच्या पद्धतीचं लाकूड-कापडाचं विमान बांधलं होतं. रविवारी ती ते उडवणार होती.

"काका, एकदा पाहून घ्या ना."

रश्मीबरोबर शेडमध्ये गेलो तर पंखांवर वाळूची पोती रचलेली. मंडळाचे सचिव देशकर खुशीत होते.

"पाहा जी, एवढं वजन ठेवलं, हललं पण नाही!"

"विमान पालथं करा. मग पोती ठेवा."

"काहून?"

हवेत पंख खालून वर ढकलले जातात. पंखांना तारांच्या दोन जोड्या असतात. एक जमिनीवर वजन धरते, दुसरी उडताना. सुलट्या पंखांवर वाळू टाकून यांनी जमिनीवरची जोडी तपासली. उडतानाची जोडी सैल लोंबत होती. म्हणून तर जुने लोक विमान पालथं घालून वाळू रचायचे. हे मी तीनदा समजावलं.

"पाहुणे येऊन राहिले, साहेब. आता टाइम कुठे?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. हेच वाक्य मी नोकरीत असताना, खूप वर्षांपूर्वी, आमच्या तळावर ऐकलं होतं. ग्लायडरचा पंख दुरुस्त झाला, वाळू सुलट्या पंखावरच ठेवली. उलटा करा म्हणालो. "नो टाइम. कॅरी ऑन," अधिकारी म्हणाले. टेस्ट फ्लाइटला पराते मागच्या सीटवर बसला. रेडिओवर त्याचा आवाज आला, "टॉवर, डावा पंख..." पुढे नुसती खरखर.

"पालथं करा," रश्मी म्हणाली. "नाही तर मी बसत नाही."

केलं. निम्मी पोतीही चढली नव्हती, तोच उडतानाची तार धरणारी लोखंडी पट्टी लाकडासकट उपटून आली. पंख खाली बसला.

"तुम्ही तर आमचं विमानच मोडलं, साहेब!" देशकर डोकं धरून बसले. मला भयंकर राग आला. रविवारी उड्डाणाशिवायच कार्यक्रम झाला, त्याचं मला बोलावणंही आलं नाही.

त्या दिवशी शेडमधून निघताना रश्मीने ती पट्टी उचलली. "बाबांच्या वेळी कोणीच बोललं नाही?"

"मी बोललो होतो. ऐकलं नाही कोणी."

पराते उमरेडच्या विणकरांच्या घरचा. पंखाचं कापड बोटांनी चाचपून बरं-वाईट सांगायचा. तो गेला तेव्हा रश्मी दुसरीत होती. आज ती त्याच्या तेव्हाच्या वयापेक्षा मोठी आहे.