भाऊबीजेला सायकलवर

मुलांना मी वर्षानुवर्षं एक गोष्ट ऐकवत आलो. आमच्या खेड्यातून अहमदपूरच्या शाळेत आम्ही रोज सायकलवर जायचो, ऊन म्हटलं नाही की वारं म्हटलं नाही. मुलांनी रिक्षाला पैसे मागितले की गोष्ट, स्कूटी मागितली की पुन्हा तीच गोष्ट. त्या सायकलचं पायडल कोण मारायचं, हे मात्र मी कधी सांगितलं नाही, आणि त्यांनीही विचारलं नाही.

पायडल अक्का मारायची. माझी मोठी बहीण, आता अहमदपूरलाच असते. मी मागे कॅरियरवर बसायचो, दोघांची दप्तरं मांडीवर घेऊन.

गेल्या वर्षी मुलगा नोकरीला पुण्याला गेला आणि त्याची गियरची सायकल नांदेडला आमच्या गॅलरीत राहिली. तिच्यावर टॉवेल वाळायचे. एका रविवारी मी टॉवेल बाजूला केले, गोदावरीच्या पुलापर्यंत जाऊन आलो, कुठंही पडलो नाही, आणि त्या आनंदाच्या भरात घरच्या ग्रुपवर लिहून टाकलं, "यंदा भाऊबीजेला अहमदपूरला सायकलवर येणार." म्हणजे सत्तर-पंच्याहत्तर किलोमीटर. मुलानं हसऱ्या चेहऱ्यांची रांग पाठवली. अक्काचा थेट फोनच आला.

"काय खूळ घेऊन राहिलास रे? एवढ्या बसा हायत की."

"येणार म्हणजे येणार."

"ये बाबा. पण ध्यानात ठेव, तुला ओवाळल्याबिगर मी घास घेत न्हाई."

इथंच सगळी गोम होती. अक्काला शुगर आहे. सकाळची गोळी झाली की तिनं वेळेवर खायलाच हवं. मागे एका भाऊबीजेला माझी बस वाटेत बंद पडली होती, तर मी पोचलो तेव्हा अक्का ओट्याला टेकून घामाघूम बसलेली. हातात निरांजन तसंच. त्यामुळं प्रश्न मी पोचेन का एवढाच नव्हता. अक्काला किती वेळ उपाशी ठेवून पोचेन, हा होता.

मग मला नवंच कुतूहल लागलं. लांबच्या वाटेला आपण तयार झालो, हे ओळखायचं कसं? ताप आला की थर्मामीटर लावतात. इथं काय लावायचं? मोबाइलवर दोन-चार व्हिडिओ बघितले. त्यातून एवढंच कळलं की गादी शिवलेली चड्डी घ्यावी. घेतली. बायकोनं ती दोरीवर वाळत घातलेली बघून शेजारीण विचारून गेली, "ऑपरेशन झालंय का साहेबांचं?"

त्याच सुमारास ऑफिसच्या कामानं लातूरला जावं लागलं. परत येताना एक युक्ती सुचली. बसमध्ये ड्रायव्हरच्या मागची जागा धरली. जिथं ड्रायव्हर गियर खाली आणेल तिथं चढ, हे माझं शास्त्र. तिकिटाच्या मागे रेघा मारत निघालो. चाकूर गेलं, अहमदपूर गेलं. ड्रायव्हर आरशातून बघत होता.

"साहेब, तक्रार लिहून राहिले का?"

"न्हाई हो. चढ मोजतोय."

"मोजा, मोजा. इंजिनला तेवढीच सोबत."

नांदेड आलं तेव्हा तिकिटावर रेघा फारच थोड्या. घरात पाऊल टाकताच बायकोला सांगितलं, "अगं, रस्ता कसला सोपा! सगळा उतारच."

ती मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "बस कुठून आली?"

"लातूरहून."

"आन् तुम्ही कुठून कुठं जाणार?"

मी तिकीट उलटं धरून बघितलं. काही उपयोग झाला नाही.

"असं करा," ती म्हणाली, "वाटेतल्या लोहा गावापर्यंत सायकलवर जाऊन या. आल्यावर आडवं न होता गिरणीतून दळण घेऊन या. मग म्हणेन मी तयार."

ही परीक्षा मला त्या सगळ्या व्हिडिओंपेक्षा पटली. रविवारी पहाटे निघालो. चढ आला की सगळ्यात हलका गियर टाकायचा, दात-ओठ खायचे आणि उतरायचं नाही. उतरलो म्हणजे हरलो. उसाचा ट्रॅक्टरसुद्धा मला मागे टाकून गेला, आणि त्यावरचे लोक मान वळवून वळवून बघत होते. प्रत्येक चढानंतर झाडाखाली दहा मिनिटं छातीचा भाता चालायचा. लोहा यायला तीन तास गेले. घरी आल्यावर आडवा झालो नाही, सोफ्यावर नुसता तिरका झालो. दळण बायकोनं आणलं.

तिरक्यातच हिशेब केला. या चालीनं पहाटे पाचला निघालो तरी अहमदपूरला एक-दीड वाजणार. तोवर अक्का उपाशी. फोन लावला.

"अक्का, मी आपला बसनंच येतो."

"का? पाय गेले?"

"पायाचं न्हाई. तुझ्या गोळीचं. नुसत्या लोह्यालाच तीन तास लागले."

ती म्हणाली, "चढावर काय केलंस?"

"नेटानं चढलो. उतरलो न्हाई."

"तिथंच गचका खाल्लास. शाळेला जाताना चढ आला की मी काय म्हणायची?"

"उतर."

"आन् तू?"

"उतरून मागून ढकलायचो."

"पहिल्या घंटेला पोचायचो का न्हाई?"

"हाव."

"मग? एवढी वर्षं शिकवलं ते इसरलास व्हय?"

फोन ठेवला आणि मला हसूच आलं. सायकलीवर मला खरोखर येत असलेली एकच गोष्ट होती, आणि नेमकी तिचीच मी लाज धरून बसलो होतो. पुढच्या रविवारी पुन्हा लोहा. चढ दिसला की उतरायचं, पाणी पीत निवांत चालायचं, वर पोचलं की बसायचं. सव्वादोन तास लागले. दुपारी दळणाचा डबा मीच उचलला. बायको म्हणाली, "जा आता."

अक्काला कळवलं, "साडेअकरापर्यंत येतो. पण तू खाऊन घे."

"तुझं तू बघ," म्हणाली.

भाऊबीजेच्या पहाटे निघालो. लोहा मागे पडलं, माळाकोळीकडचा लांब चढ समोर आला. उतरलो. हँडल धरून चालू लागलो. नांदेडची बस बाजूनं गेली, खिडकीतून कुणीतरी "ओ काका, पंक्चर का?" ओरडलं. मी हात हलवला. तेवढ्यात फोन वाजला.

"कुठं हायस?"

"चढावर. उतरून चाललोय."

"शाब्बास."

पण तिच्या आवाजामागं कुरुम कुरुम ऐकू येत होतं.

"अक्का, तोंडात काय हाय तुझ्या?"

"कुठं काय."

"खरं सांग."

"कडक भाकर हाय. तू निम्मी वाट आलास, मी निम्मी भाकर खाल्ली. राहिलेली ओवाळून खाईन. पळू नको, सावकाश ये."

चढ संपला. गार वारं लागलं. कॅरियर मी खास बसवून घेतलं होतं, त्यावर अक्काची साडी पिशवीत बांधलेली होती. दोरी सैल झाली नाही ना ते चाचपलं, आणि सीटवर बसलो.