मापाचा झगा

सगळे त्याला मास्तर म्हणत. शाळेतला नव्हे, शिवणयंत्रावरचा. मापात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. चर्चमधल्या गायकमंडळाचे सगळे झगे त्यानेच बेतलेले. अशा माणसाने बायकोच्या बाबतीत माप चुकवावं, याला काय म्हणायचं?

बायकोच्या छातीत गाठ निघाली. कॅन्सर. केमोचे सहा डोस घ्यायचे ठरले. चर्चच्या मंडळींनी उपास धरले, प्रार्थना केल्या, पाळकसाहेबांनी घरी येऊन डोक्यावर हात ठेवला. दोन डोस झाले आणि गाठ अर्धी झाली.

महिन्याचा पहिला रविवार साक्षीचा. ज्याला प्रभूने काही दिलं त्याने उभं राहून सांगायचं. पण अर्ध्या गाठीची साक्ष तिथे कोणी दिली नव्हती. मास्तर उभा राहिला, समोर सगळ्यांचे भरून आलेले डोळे पाहिले आणि बोलून गेला, "गाठ गेली! प्रभूने माझी बायको बरी केली!" हालेलुयाने छत दणाणलं. बायकोने मान वर केली नाही.

तिसऱ्या डोसाचा दिवस आला तेव्हा पाळकसाहेब दुकानात येऊन बसले. "बऱ्या झालेल्या माणसाचं दवाखान्यात काय काम, मास्तर? कोणी पाहिलं तर? लोकांच्या विश्वासाला अडखळण होईल."

"अहो, जाऊ या ना," बायको घरी म्हणाली.

"पुढच्या आठवड्यात बघू," मास्तर म्हणाला. असे किती आठवडे गेले! ती दरवेळी विचारायची, तो दरवेळी प्रार्थनेला बसायचा. प्रार्थनेचं नाव, खरं तर त्याला लोकांची भीती वाटत होती.

ती वाळत चालली. झगा अंगावर लोंबायला लागला. चर्चच्या पायरीवर एका बाईने "किती उतरलात हो!" म्हटलं. घरी येऊन मास्तरने झगा उसवला. पण तो आत घेतला नाही. खांद्यांत, छातीवर, कमरेला कापसाचे थर भरले आणि वरून असं अस्तर मारलं की टाका दिसू नये. आयुष्यातलं सगळ्यात सफाईदार काम त्याने त्या दिवशी केलं, हे सांगताना जीभ जड होते. बायकोने हात वर केले आणि तो झगा घातला.

मग एका सकाळी तिला दम लागून पायरी चढवेना. लेकीने बापाला न विचारता आईला दवाखान्यात नेलं, बाप मागून धावला. वजनकाट्यावर चढवताना नर्सने तिच्या खांद्याला धरलं, तर बोटं आत रुतली.

"हे काय भरलंय?"

नर्सने डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टरांनी विचारलं, "डोस का चुकवले?"

"बाबांनी साक्ष दिली होती," लेक म्हणाली. कोर्टकचेरीचं काही असेल असं डॉक्टरांना वाटलं. त्यांनी तपासण्या केल्या. यकृतात पसरलं होतं. आता दुखू नये एवढंच बघायचं, ते म्हणाले.

घरी आल्यावर ती म्हणाली, "देवावर माझा राग नाही. तुमच्यावर आहे."

मास्तर रडायला लागला.

"रडू नका. जिथे बोललात तिथेच मागे घ्या. माझ्या देखत. आणि मला माझ्या मापाचा झगा शिवा."

त्याने टेप धरला. अडतीसच्या जागी एकोणतीस. दोन दिवसांत झगा झाला. महिन्याच्या पहिल्या रविवारी ती तो घालून, लेकीच्या आधाराने पहिल्या बाकावर येऊन बसली. हाडं दिसत होती. कोणी तिच्याकडे पाहत नव्हतं.

साक्षीची वेळ झाली. मास्तर उठला, तसं चारपाच जणांनी सवयीने आधीच "आमेन" म्हटलं.

"मी खोटं बोललो," मास्तर म्हणाला. "गाठ गेली नव्हती. माझ्यामुळे तिचे डोस—"

"भाऊ दुःखाने खचले आहेत," पाळकसाहेब घाईने उठले. "आपण उभं राहून गीत गाऊ या."

सगळे उठले. गायकमंडळाने सूर लावला. अंगावर मास्तरनेच शिवलेले झगे, एकही कुठे ढिला नाही. मास्तर ओरडून सांगत राहिला, तिला कापूस भरून बसवली, मी बसवली. तोंड हलताना दिसत होतं, आवाज पहिल्या बाकापलीकडे जात नव्हता.

तिने त्याची बाही ओढली.

"मी ऐकलं," ती म्हणाली. "आता घरी चला. मला बसवत नाही."